दोन संगणक आणि तिसऱ्याचे मत

आमच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस होता. साऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांची यादी भौतिकशास्त्र विभागातल्या एका संगणकावर होती. प्रयोगशाळेतून, कार्यालयातून, ग्रंथालयातून, कुठूनही ती यादी उघडून आम्ही प्राध्यापक तीत गुण भरत असू. सकाळी साडेदहाच्या सुमारास त्या संगणकाच्या पोटातला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, जळाला. गुण हार्ड डिस्कवर सुखरूप होते, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाटच बंद झाली! दिवसभर आम्ही कागदावर गुण लिहीत बसलो.

अनेक संगणकांना फाइली वाटून देणाऱ्या अशा संगणकाला 'सर्व्हर' म्हणतात. हे वाटपाचे काम एखादी आज्ञावली करते. 'सांबा' ही अशीच एक प्रसिद्ध आज्ञावली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ साली तिची सुरुवात केली. आज जगभर ती मोफत वापरली जाते. पण आज्ञावली कितीही चांगली असली, तरी ज्या यंत्रावर ती चालते ते यंत्र बंद पडले की तीही बंद! मग यावर उपाय काय?

"दोन सर्व्हर ठेवा!" असे तुम्ही चटकन म्हणाल. बरोबर आहे. थोडे गणित करून पाहू. एक सर्व्हर वर्षातला ९९ टक्के वेळ चालू असतो असे समजा. ऐकायला छान वाटते, नाही? पण वर्षाचे तास ८,७६०. त्यांचा एक टक्का म्हणजे ८७.६ तास, साडेतीन दिवसांहूनही जास्त! आता दोन सर्व्हर घेतले, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता १/१०० × १/१००, म्हणजे १/१०,००० होते. वर्षाकाठी सुमारे ५३ मिनिटे. केवढा फरक पडला! मात्र दोन्ही बिघाड एकमेकांवर अवलंबून नसतील, तरच हा गुणाकार खरा. दोन्ही सर्व्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावले आणि तो बोर्डच जळाला, तर सारे गणित जळाले!

एकजुटीने काम करणाऱ्या अशा संगणकांच्या गटाला 'क्लस्टर' म्हणतात. क्लस्टर चालायला तीन गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे दोन्हीकडे तंतोतंत सारखी नक्कल. 'डीआरबीडी' नावाची आज्ञावली हे काम करते. २०१० सालापासून ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. एक कारकून दोन खतावण्या लिहितो आणि दोन्हींत नोंद झाल्याशिवाय पावती फाडत नाही, अशी कल्पना करा. तुम्ही फाइल साठवता, तेव्हा दोन्ही डिस्कांवर लिहून झाल्यावरच "झाले" असा निरोप येतो. म्हणून दुसरा सर्व्हर फार लांब ठेवून चालत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सातशे किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सात सहस्रांश सेकंद लागतात. तुम्हांला हा वेळ क्षुल्लक वाटेल. पण एकामागून एक हजार नोंदी करायच्या, तर सात सेकंद नुसते वाट पाहण्यात जातील!

दुसरी गोष्ट म्हणजे फिरता पत्ता. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता असतो. क्लस्टरमध्ये प्रत्येक सर्व्हरचा स्वतःचा पत्ता असतोच, शिवाय एक सामाईक पत्ताही असतो. जो सर्व्हर कामावर असेल, तो हा पत्ता धारण करतो. दवाखान्यात आज एक डॉक्टर, उद्या दुसरे; पण बाहेरची पाटी तीच! रुग्णाला पाटीशी काम.

तिसरी गोष्ट म्हणजे नाडीचे ठोके. दोन्ही सर्व्हर ठरावीक अंतराने एकमेकांना "मी आहे" असा इवलासा संदेश पाठवत राहतात. काही सेकंद ठोके ऐकू आले नाहीत, की राखीव सर्व्हर समजतो, "जोडीदार गेला." मग तो सामाईक पत्ता आणि फाइली आपल्या ताब्यात घेतो.

परीक्षेच्या त्या फजितीनंतर आम्ही विद्यार्थ्यांच्या मदतीने दोन जुन्या संगणकांवर हा प्रयोग मांडला. पहिल्याचा प्लग उपटला. काही सेकंदांत दुसऱ्याने काम हाती घेतले. टाळ्या पडल्या! तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, संगणकाचा प्लग न काढता दोघांना जोडणारी वायरच काढली तर?"

या प्रश्नाचा तुम्हीही क्षणभर विचार करा. ठोके थांबले, पण दोन्ही सर्व्हर धडधाकट आहेत. प्रत्येकाला वाटते, दुसरा गेला!

आम्ही वायर काढली. दोघांनीही सामाईक पत्ता आपलाच म्हणून घोषित केला. प्रयोगासाठी केलेल्या यादीत एकीकडे क्रमांक सातच्या विद्यार्थ्याला १७ गुण लिहिले गेले, तर दुसरीकडे १९. वायर पुन्हा जोडल्यावर कोणती यादी खरी मानायची? संगणकाला ते सांगता येईना. या स्थितीला 'स्प्लिट ब्रेन', म्हणजे दुभंगलेला मेंदू, म्हणतात. बंद पडलेला सर्व्हर आपला वेळ खातो. दुभंगलेला क्लस्टर आपली माहितीच बिघडवतो.

खरी अडचण तुमच्या ध्यानात आली का? दुसऱ्याचा आवाज थांबला, तर तो बंद पडला की मधली वायर तुटली, हे नुसत्या शांततेवरून कधीच कळत नाही. म्हणून दोन उपाय एकत्र योजतात.

पहिला उपाय मतदानाचा. तिसरा एक छोटा संगणक मतदार म्हणून ठेवायचा. त्याच्याजवळ फाइली नसल्या तरी चालते. तिघांपैकी दोघे ज्या बाजूला असतील, त्या बाजूने काम चालवायचे. एकट्या पडलेल्याने, आपण धडधाकट असलो तरी, गुमान थांबायचे. तिघांत दोन वेगवेगळी बहुमते होऊच शकत नाहीत, म्हणून दोन मालकही होत नाहीत. १९८०च्या दशकात 'व्हॅक्सक्लस्टर' नावाच्या संगणकगटात हीच युक्ती वापरलेली होती.

दुसरा उपाय जरा कठोर आहे. समजा, एक सर्व्हर मेला नाही, नुसता गुंगला आहे. मिनिटाभराने तो जागा होईल आणि अर्धवट राहिलेले लेखन पुरे करू लागेल. म्हणून त्याचे काम हाती घेण्याआधी त्याचा वीजपुरवठा तोडून टाकायचा! बंद पडला असेल अशी आशा धरण्यापेक्षा तो बंद आहे अशी खात्री करून घ्यायची. अभियंत्यांनी या उपायाला नाव दिले आहे 'स्टोनिथ': 'शूट द अदर नोड इन द हेड' या शब्दांची आद्याक्षरे. म्हणजे, दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला!

हेही शस्त्र जपून वापरावे लागते. २२ डिसेंबर २०१२ रोजी 'गिटहब' या प्रसिद्ध संस्थेत जाळ्याचे काम चालू असताना सुमारे दीड मिनिट संपर्क तुटला. तिथले फाइल सर्व्हर जोडीजोडीने काम करत होते. संपर्क तुटताच जोडीदारांनी एकमेकांना मृत ठरवले. काही जोड्यांत तर दोघांनीही परस्परांची वीज तोडली! दीड मिनिटाचा तो खंड. पण प्रत्येक जोडीत खरी प्रत कोणाजवळ आहे हे तपासून सारे सुरळीत करायला कित्येक तास लागले.

आणखी एक गोष्ट विसरू नका. क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून फाइल पुसलीत, तर ती दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाईल! म्हणून वेगळ्या जागी, वेगळ्या डिस्कवर रोजची प्रत हवीच. आमच्या विभागात आता दोन सर्व्हर आहेत, तिसरा मतदार आहे, आणि बॅकअपची डिस्क ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद आहे.

जाता जाता तुमच्यासाठी एक कोडे. मतदार तीन असतील, तर एक बिघडला तरी काम चालते. मग चार मतदार ठेवले, तर किती बिघडलेले चालतील? आणि पाच ठेवले तर? वहीत मांडून पाहा. क्लस्टर उभारणारे लोक विषम संख्या का पसंत करतात, याचे उत्तर तुम्हांला आपोआप मिळेल.