जुन्या लष्करी गाड्यांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द कानी पडला, की आपल्या डोळ्यांसमोर एखादे पुरातन देवालय उभे राहते. निखळलेले चिरे पुन्हा आपापल्या जागी बसवावयाचे, जे शाबूत आहे त्याला धक्का लावावयाचा नाही आणि जे नाहीसे झाले आहे ते मूळच्या घडणीला अनुसरून पुन्हा घडवावयाचे, हे ह्या कामाचे सूत्र होय. हेच सूत्र यंत्रांनाही लागू पडते. सैन्याच्या सेवेतून बाद झालेल्या जीपगाड्या, ट्रक आणि क्वचित रणगाडेदेखील मिळवून त्यांना त्यांचे पूर्वीचे रूप व पूर्वीची चाल परत मिळवून द्यावयाची, हा जगातील अनेक देशांत मान्यता पावलेला छंद आहे. ह्या छंदाला पैसा लागतो, वेळ लागतो आणि त्याहूनही अधिक लागते ती चिकाटी.

बीड जिल्ह्यातील चौसाळा हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेले आहे. ह्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की धाराशिव आणि तुळजापूर मागे टाकून आपण सोलापुरास पोहोचतो. आज हा प्रवास निर्वेध आहे; परंतु १९४८ साली ह्याच वाटेवर दोन राज्यांची सीमा होती. सोलापूर भारतीय संघराज्यात, तर बीड, धाराशिव आणि तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी ह्यांच्या अधिपत्याखाली भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरकडून संस्थानात शिरली. त्याच दिवशी नळदुर्ग सैन्याच्या हाती आला आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हाच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. त्या पाच दिवसांत मराठवाड्याच्या रस्त्यांवरून रणगाडे धावले, सैनिकांनी भरलेले ट्रक धावले आणि त्यांच्या पुढेमागे लहानशा, उघड्या, चपळ जीपगाड्या धावल्या. तेव्हा लष्करी गाडी ही ह्या मुलखाला केवळ चित्रात पाहावयाची वस्तू नाही.

ह्या सर्व वाहनांत छंदिष्टांना सर्वांत प्रिय झाली ती जीप. तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी, चिखलातून आणि वाळूतून वाट काढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कारखान्याने अवघ्या ४९ दिवसांच्या मुदतीत, सप्टेंबर १९४० मध्ये, अशी पहिली गाडी तयार करून दिली. पुढे विलीज आणि फोर्ड ह्या दोन मोठ्या कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. विलीजच्या आराखड्यातील चार सिलिंडरांचे सुमारे २.२ लिटरचे इंजिन जवळजवळ ६० अश्वशक्तीचे होते आणि संपूर्ण गाडीचे वजन सुमारे ११०० किलोग्रॅमच भरे. चिखलात रुतली तर चार-सहा जवानांनी हात लावून ती बाहेर काढावी, इतकी ती सुटसुटीत होती.

युद्ध संपले तेव्हा भारतात दोस्त राष्ट्रांच्या सैन्याची पुष्कळ वाहने शिल्लक राहिली. त्यांतील कित्येक विक्रीस निघाली आणि शेतकरी, कंत्राटदार, संस्थानिक अशा नाना तऱ्हेच्या लोकांच्या दारी गेली. दुसरीकडे, १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीप जोडावयास प्रारंभ केला. पुढे जीपची देशी भावंडे येथेच तयार होऊ लागली. जबलपूरच्या लष्करी कारखान्यांनी निसान कंपनीच्या परवान्याने जोंगा ही दणकट गाडी आणि जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान हा ट्रक बनविला. आज भारतात जे लोक हा छंद जोपासतात, त्यांच्या अंगणात बहुधा ह्यांपैकीच एखादी गाडी उभी असते.

अशी गाडी प्रथम दृष्टीस पडते ती फारच दीन अवस्थेत. टपाची कापडे फाटलेली, तळाचा पत्रा गंजून जाळी झालेला, इंजिन आखडलेले आणि मूळच्या भागांच्या जागी कोठले तरी भलतेच भाग बसविलेले असतात. म्हणून पहिले काम हत्याराचे नसून डोळ्यांचे असते. गाडी कोणत्या कारखान्यातली, कोणत्या वर्षाची, हे सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांकांवरून ताडावे लागते. विलीजच्या आणि फोर्डच्या जीपगाड्या दिसावयास जुळ्या बहिणी. परंतु विलीजच्या सांगाड्याची पुढची आडवी दांडी गोल नळीची असते, फोर्डची तशी नसते. फोर्डने तर आपल्या पुष्कळशा भागांवर, एवढेच नव्हे तर बोल्टांच्या माथ्यांवरही, आपल्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर उमटविलेले आहे. पारखी माणूस एका बोल्टवरून गाडीचे कुळ सांगतो, ते ह्यामुळेच.

ओळख पटली, की गाडी पूर्णपणे सुटी करावयाची. हे काम वरवर सोपे दिसते. पण पुढील सर्व यश त्यावरच अवलंबून असते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, त्यावर चिठ्ठी बांधावयाची आणि त्याचे नट-बोल्ट निराळ्या डबीत ठेवावयाचे. जो घाईने सारे एका पाटीत टाकतो, तो सहा महिन्यांनी त्याच पाटीपुढे डोके धरून बसतो. नंतर येते गंज काढण्याचे काम. तारेच्या ब्रशाने किंवा वाळूचा झोत मारून पत्रा स्वच्छ करतात. जेथे पत्रा कुजलाच आहे, तेथील तेवढाच तुकडा कापून त्याच जाडीचा नवा तुकडा जोडतात आणि ताबडतोब रेड ऑक्साइडचा हात देतात. कारण उघडा पत्रा पावसाळी हवेत एका रात्रीतही पुन्हा तांबडा होऊ लागतो.

आखडलेल्या इंजिनाला बळजबरी चालत नाही. हँडल मारून ते फिरविण्याचा प्रयत्न केला, तर दट्ट्यांच्या कड्या मोडतात. जाणता कारागीर सिलिंडरांत पातळ तेल सोडतो, चार-आठ दिवस थांबतो आणि मग हलक्या हाताने चाक मागे-पुढे करून पाहतो. इंजिन सुटले, की ते उघडून सिलिंडरांची झीज मोजतात, व्हॉल्व्ह घासून बसवितात आणि गरज असल्यास लेथवर नवे भाग कातून घेतात. पेट्रोलच्या टाकीच्या बाबतीत तर फार सावध राहावे लागते. ह्या जीपमध्ये ती चालकाच्या आसनाखालीच असते. वर्षानुवर्षे रिकाम्या पडलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ दडलेली असू शकते. अशी टाकी स्वच्छ धुऊन वाफेपासून पूर्णपणे मुक्त केल्यावाचून तिला वेल्डिंगची ज्योत लावणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. ब्रेकचेही तसेच. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात ब्रेक विसरणे घातक ठरते. म्हणून इंजिन गाडीत परत बसविण्यापूर्वीच ब्रेकचे रबरी भाग व नळ्या बदलण्याची रीत चांगली मानली जाते.

गाडी चालू लागली म्हणजे काम संपले असे नाही. सैनिकाला जसा त्याचा पोशाख, तशी लष्करी गाडीला तिची सामग्री. युद्धकालीन जीपच्या डाव्या अंगाला फावडे व कुऱ्हाड बांधलेली असे. पाठीमागे जादा चाक आणि इंधनाचा चपटा डबा असे. शत्रूच्या विमानांना दिसू नयेत म्हणून झाकलेले मंद दिवे असत. तिच्या पुढच्या मोठ्या दिव्यांची रचना तर मोठी चतुराईची होती. एक चाप सैल केला, की दिवा उलटा फिरवून त्याचा उजेड इंजिनावर पाडता येई आणि अंधाऱ्या रात्री दुरुस्ती करता येई. अशी एकेक वस्तू शोधून, तिची खरी जागा पडताळून, ती बसविण्यात छंदिष्टाची वर्षे जातात. भंगारबाजारात सापडलेले जुने फावडे त्याला कधी कधी नव्या इंजिनाइतका आनंद देते.

ह्या छंदाला कायद्याचीही चौकट आहे आणि ती ओळखूनच पुढे जावे लागते. सैन्याने बाद केलेली वाहने रीतसर लिलावात विकली जातात. त्या विक्रीची कागदपत्रे नसतील तर गाडीची नोंदणी होत नाही. नोंदलेल्या वाहनात मनास येईल तसा बदल करण्यास मोटार वाहन कायदा मज्जाव करतो. २०२१ सालच्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली. मात्र वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे आणि ते रोजच्या रहदारीत न आणता प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतेच रस्त्यावर आणावे, अशी अट घातली. आणखी एक नियम तर छंदिष्टाला विचारात पाडणारा आहे. ऑलिव्ह हिरवा हा लष्करी रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. खाजगी माणसाने आपली गाडी त्या रंगात रंगविणे नियमाविरुद्ध होय.

येथे एक खरा पेच उभा राहतो. गाडी मूळ स्वरूपात ठेवावयाची, तर तिचा रंग तोच हवा. आणि कायदा पाळावयाचा, तर तो रंग वर्ज्य. परंतु नियमामागील हेतू लक्षात घेतला, की तो जाचक वाटत नाही. लष्करी रंगाची गाडी पाहून नाक्यावरचा पहारेकरी वाट देतो आणि सामान्य माणूस विश्वास ठेवतो. हा विश्वास सैन्याने मिळविलेला आहे. तो उसना घेण्याचा अधिकार कोणासही नाही. सुज्ञ माणूस अशा वेळी गाडीला वेगळा रंग देतो आणि मूळ रंगाचा एखादा लहानसा थर आतल्या कोपऱ्यात न खरवडता तसाच जपून ठेवतो. पाहणाऱ्याला इतिहास कळतो आणि कोणाची फसवणूकही होत नाही. पलटणींची चिन्हे, लष्करी क्रमांकाच्या पाट्या ह्यांबाबतही हाच विवेक लागतो. जी गाडी ज्या पलटणीत कधी नव्हती, तिच्यावर त्या पलटणीचे चिन्ह रंगविणे हे सजावटीचे काम नसून खोट्या इतिहासाचे काम होय.

खऱ्या इतिहासाचे मोल किती मोठे असते, हे पाहावयाचे असेल तर बीडच्या शेजारच्या अहिल्यानगर शहराकडे वळावे. तेथे भारतीय सैन्याच्या चिलखती दळाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा आहे आणि १९९४ साली स्थापन झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपासून १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यांपर्यंत अनेक वाहने तेथे जतन करून ठेवलेली आहेत. ह्याच केंद्राने ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा सांभाळला आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ह्याच रणगाड्यातून लढले. रणगाड्याला आग लागली, तो सोडून मागे येण्याचा हुकूम झाला. परंतु आपली तोफ अजून चालू आहे असे कळवून ते लढतच राहिले आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. शत्रूच्या हाती गेलेला तो रणगाडा पुढे परत आला आणि त्याची डागडुजी करून तो जतन करण्यात आला. त्याच्यासारखा दुसरा सेंच्युरियन रणगाडा आणून त्याच्या जागी ठेवला, तर लोखंडाचे वजन तेवढेच भरेल. पण त्याच्यापुढे मान आपोआप लवणार नाही.

१९६५ च्या युद्धात हवालदार अब्दुल हमीद ह्यांनी जीपवर बसविलेल्या तोफेने पॅटन रणगाड्यांचा सामना केला आणि खेमकरणच्या परिसरात वीरमरण पत्करून परमवीर चक्र मिळविले. एवढीशी उघडी गाडी आणि पुढे ४० टनांहून जड रणगाडे! जीपच्या पातळ पत्र्याला हात लावून पाहिल्याखेरीज त्या धैर्याची खरी कल्पना येत नाही. पुस्तकातील वर्णन आणि प्रत्यक्ष वस्तू ह्यांत जे अंतर असते, ते भरून काढण्याचे काम अशी वाहने करतात.

आणखी एक गोष्ट ह्या छंदामुळे टिकून राहते. ती म्हणजे कारागिरांची विद्या. चौसाळ्यासारख्या महामार्गालगतच्या गावांत लेथ, वेल्डिंग, रेडिएटर, बॅटरी अशा कामांची दुकाने वाहनांच्या आधाराने उभी राहतात. आजच्या नव्या गाडीचा दोष यंत्रावर जोडलेला पडदा सांगतो. जुन्या इंजिनाचा दोष मात्र कान लावून ओळखावा लागतो. कार्ब्युरेटरचा स्क्रू किती फिरवावा, ठिणगी केव्हा पडावी, हे हाताला कळावे लागते. ही विद्या कोणत्याही ग्रंथात पूर्णपणे उतरलेली नाही; ती उस्तादाच्या हातून शागिर्दाच्या हाती जाते. ज्या दिवशी अखेरची जुनी गाडी भंगारात जाईल, त्या दिवशी ही विद्याही निरुपयोगी ठरून विसरली जाईल. एखादा छंदिष्ट जेव्हा जुनी जीप घेऊन वृद्ध मिस्त्रीच्या दारी जातो आणि शेजारी एखादा मुलगा पाने हाती देत उभा राहतो, तेव्हा गाडीबरोबर त्या विद्येचेही आयुष्य वाढते.

युद्ध ही गौरवाने मिरवावयाची गोष्ट नव्हे. ते ज्यांनी सोसले त्यांनाच त्याचे मोल ठाऊक असते. जुन्या लष्करी गाड्या जपावयाच्या त्या रुबाब दाखविण्यासाठी नव्हेत, तर माणसांनी कठीण काळात कोणत्या साधनांनिशी आपले कर्तव्य केले, हे पुढच्या पिढ्यांना नीट कळावे म्हणून. ज्याला हे कळले, त्याला गंजलेल्या सांगाड्यातही जतन करण्याजोगे काही दिसते; आणि जे खरे आहे तेवढेच राखावे, खोटे काही जोडू नये, हा संयमही त्याच्या अंगी येतो.