पाठवणीचे येसर, उष्टावणाचे मेतकूट

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत आजही पाळली जाते. दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन लेक सासरी निघाली, म्हणजे दुपटी व डिंकाचे लाडू यांबरोबर येसर, मेतकूट, काळा मसाला, जवसाची आणि कारळ्याची चटणी असे डबे तिला भरून दिले जातात. ही भेट केवळ हौसेची नव्हे. अंगावर पिणारे मूल सांभाळून घरचे व शेतावरचे काम उरकणाऱ्या स्त्रीला दोन वेळा वाटण घाटण करण्यास सवड कोठून मिळावी? येसर पाण्यात कालवून उकळले व वरून लसणाची फोडणी दिली, की भाकरीबरोबर आमटी तयार होते. त्यात डाळी व धान्ये भाजून दळलेली असल्याने ती नुसते तिखट पाणी राहत नाही.

या भेटीचा माल दूर शोधावा लागत नाही. धर्माबादची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्धच आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळदीसाठी नावाजलेले आहे. लातूर जिल्ह्यातील बोरसुरी तूरडाळ, कास्ती कोथिंबीर व पटडी चिंच यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

बाळंतिणीला तिखटामिठाचे काही देऊच नये, नाहीतर दूध बिघडते, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. बेताच्या मसाल्याने दूध बिघडत नाही. उलट, भात-तुपावर महिनोन् महिने राहिलेली आई अशक्त होते. तिच्या ताटात वरण, पालेभाजी, हळीव, तीळ, जवस हे सारे असावे.

प्रश्न आहे तो बाळाच्या वाट्याचा. पाठवणीच्या वेळी मूल जेमतेम तीन महिन्यांचे असते. सहा महिने पुरे होईपर्यंत त्याला आईच्या दुधाखेरीज काहीही लागत नाही, वरचे पाणीसुद्धा नाही. औषध डॉक्टरांनी सांगितले तरच. असे असता 'बाळासाठी' म्हणून मेतकुटाचा डबा त्याच वेळी दिला जातो. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. डबा समोर आहे म्हणून कोणीतरी चौथ्याच महिन्यात बोट चाटवते, किंवा मूल खाण्याजोगे होईपर्यंत पीठ जुने होऊन त्यास वास लागतो. सहाणेवर उगाळून घुटी देणे व मध चाटवणे या जुन्या सवयीही याच काळातल्या. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. त्यात क्वचित असे जंतुबीज असते की, बाळाच्या आतड्यांत ते वाढून घातक विष उत्पन्न होते.

म्हणून सुचवावेसे वाटते की, ही भेट दोन वेळा विभागून द्यावी. पाठवणीला येसर, मसाला व चटण्या आईसाठी द्याव्यात. बाळाचे मेतकूट सहा महिने पुरे झाल्यावर ताजे करून उष्टावणास न्यावे. पहिला घास भरविण्याचा मान आपल्याकडे मामाचाच असतो. तेव्हा हा डबा मामाच्या हातून जाणे रीतीलाही धरून होईल.

मेतकुटाचे प्रमाण घरोघर निराळे असते. साधारणपणे हरभऱ्याची डाळ २ वाट्या, तांदूळ १ वाटी, उडदाची डाळ व गहू प्रत्येकी अर्धी वाटी घेऊन वेगवेगळे मंद आचेवर खमंग भाजावे आणि चमचाभर जिरे घालून बारीक दळावे. येथेच बाळाचा भाग बाजूला काढावा. उरलेल्यात मेथी, सुंठ, हळद, हिंग, मिरची आपल्या चवीप्रमाणे मिसळावी. बाळाच्या भागात मीठ, साखर व तिखट घालू नये. वर्षाच्या आत त्यांची गरज नसते. हे पीठ पाण्यात शिजवून मऊ भातात कालवावे व वर थोडे तूप सोडावे. चमचा तिरका केला असता घास ओघळून जाऊ नये इतका तो घट्ट असावा, कारण पातळ पेजेने पोट भरते पण पोषण होत नाही. आरंभी दोन-तीन चमचे पुरेत. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू राहू द्यावे.

आता मसाल्याविषयी. मिरची कडक उन्हात अशी वाळवावी की मोडताना ती तुटावी व आत बी खुळखुळावे. ओलसर राहिली तर बुरशी धरते. काही बुरशींचे विष भाजण्याने पुरते जात नाही. चटणीच्या शेंगदाण्यांतले सुरकुतलेले, काळे पडलेले दाणे याच कारणाने निवडून टाकावेत. कांडप चालू असता बाळ त्या खोलीत ठेवू नये. मिरची हाताळलेले हात साबणाने दोनदा धुतल्यावाचून त्याला पाजावयास घेऊ नये.

हळदीबाबत अधिक जपावे लागते. झळझळीत पिवळा रंग यावा म्हणून काही ठिकाणी हळकुंडांना शिसेयुक्त रंग चोळला जातो. शिसे मुलाच्या मेंदूस अपाय करते, आणि ही भेसळ घरी नेमकी ओळखता येत नाही. तेव्हा पॉलिश न केलेली, दिसण्यास मळकट असली तरी चालतील अशी हळकुंडे ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेऊन घरीच दळावीत. हळद पिकविणाऱ्या बंधूंनी घरच्यापुरती हळकुंडे तशीच बाजूला ठेवावीत.

अंगणवाडी सेविका, आशाताई व कृषी सहायक यांनी हे सांगताना आजीचा मान राखावा. "आजी, तुमचे मेतकूट उत्तम होते. नातवाचा वाटा तेवढा तिखट घालण्याआधी काढून ठेवाल ना?" एवढे विचारले तरी बहुतेक ठिकाणी काम होते. दुधाच्या भुकटीचे डबे भेट देण्याची हौस कोठे दिसली, तर १९९२ च्या कायद्याने अशा डब्यांची जाहिरात व आयांना नमुने वाटणे बंद केले आहे, हेही जाता जाता सांगावे.

मामाने न्यावयाचा डबा कोरडा, घट्ट झाकणाचा असावा आणि त्यावर दळल्याची तारीख लिहावी. महिनाभरात संपेल इतकेच पीठ करावे. पुढचे पुढच्या फेरीला.