ऑईल कुलरची नळी गळते? मोळी पडण्याआधीच बदला



तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपास यावा, असे आम्ही शिवारफेरीत नेहमी सांगतो. उशीर झाला की वजन घटते, उतारा पडतो. पण राशीन-मिरजगावकडून भरून निघालेला घरचा ट्रक वाटेतच बसला, तर काय करणार?

कुलरच्या नळीतून इंजिनचे ऑईल दाबाने फिरते. आज थेंब दिसतो, उद्या धार लागते. ऑईल संपले की इंजिन जाम. गरम सायलेन्सरवर ऑईल पडून आग लागण्याची भीती वेगळीच. फडात तर पाचट पसरलेले असते.

हे काम घरी होते. गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड द्या, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. खाली घमेले ठेवा. दोन पाने घ्या: एकाने कुलरचा नट धरा, दुसऱ्याने नळीचा फिरवा, नाहीतर कुलरच पिळला जातो. पाण्याची रबरी नळी क्लिपा मारून बसवू नका, ती हा दाब व उष्णता सोसत नाही. ओ-रिंग वा तांब्याचे वायसर नवेच घाला. नळी कुठे घासत नाही ना, हे पाहा.

ऑईल भरून इंजिन मंद चालवा. प्रेशरचा काटा उठला नाही, तर लगेच बंद करा. सांधे कोरडे असतील तर इंजिन बंद करून, थोडे थांबून डिपस्टिक पाहा. कमी असेल तेवढे ऑईल भरा.

निघालेले ऑईल मात्र विहिरीत किंवा कुकडीच्या चारीत ओतू नका. तेच पाणी आपल्या उसाला व गुरांना लागते.