बाळाची पिशवी आणि आईचे दर्शन

तीर्थक्षेत्री एक दृश्य हमखास दिसते. घरची सारी मंडळी गाभाऱ्यात दर्शन घेत असतात आणि एक तरुण माता मात्र तान्ह्याला मांडीवर घेऊन, तीन-चार पिशव्यांच्या गराड्यात, जिनालयाच्या पायरीवर बसलेली असते. बाटली एकीत, दुपटी दुसरीत, औषध तिसरीत. कोठे काय आहे, हे तिच्यावाचून कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तिला जागचे हलता येत नाही. यात्रेला जाऊनही दर्शनाला मुकणाऱ्या अशा श्राविकांसाठी बाळाच्या पिशवीचा विचार आधीच व्हायला हवा.

श्रवणबेळगोळचेच उदाहरण घेऊ. विंध्यगिरीवर भगवान बाहुबलींच्या चरणांशी पोहोचण्यासाठी खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात. तेथे एका खांद्यावरून घसरणारी पिशवी कामाची नाही. रुंद, मऊ पट्ट्यांची पाठीवरची सॅक घ्यावी. म्हणजे हात बाळासाठी आणि कठड्यासाठी मोकळे राहतात. रिकामी असतानाच जी जड लागते, ती दुकानातच ठेवावी.

कापड धुता येणारे व ओल न धरणारे असावे. पट्टे, किनार किंवा चेनची टोके चामड्याची नाहीत, याची खात्री करून घ्यावी. जीवदयेचा विचार तर आहेच. शिवाय चामड्याची वस्तू जिनालयात नेता येत नाही.

कप्पे तीन पुरेत. एकात स्वच्छ कपडे व डायपर, दुसऱ्यात आहार, आणि तिसरी ओल्या-मळक्या कपड्यांसाठी बंद होणारी, सहज वेगळी काढता येणारी थैली. अक्षता, पूजेची वस्त्रे यांसाठी मात्र निराळी पिशवी ठेवावी.

साधारण दर दोन-तीन तासांस एक डायपर, वर दोन जादा. कपड्यांचे दोन जोड, एक दुपटे, एक जलरोधक अंथरी, पुसण्यास मऊ फडकी एवढे अर्ध्या दिवसास पुरते. सहा महिन्यांपर्यंत केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणीही लागत नाही. तेव्हा बाटल्यांचा भार आपोआप टळतो. पावडरचे दूध देत असल्यास ते घरून कालवून नेऊ नये. गाळून उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये व पावडर कोरड्या डबीत वेगळी न्यावी, ऐनवेळी दूध तयार करून पाजण्याजोगे निववावे आणि दोन तासांत न संपलेले टाकून द्यावे.

वापरलेला डायपर डोंगरावर वा धर्मशाळेच्या नाल्यात टाकणे हा मोठा प्रमाद आहे. त्यातील प्लास्टिक वर्षानुवर्षे कुजत नाही. तो कागदात घट्ट गुंडाळून खाली आणावा व कचरापेटीतच टाकावा.

‘असू द्यावे, लागले तर’ म्हणून भरलेल्या वस्तूच पिशवी जड करतात. अपरिग्रहाचा धडा येथेही उपयोगी पडतो.

निघण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. भरलेली पिशवी बाळाच्या वडिलांच्या हाती द्यावी आणि कोरडे झबले काढायला सांगावे. न विचारता ते सापडले, तर पिशवी योग्य निवडली व योग्य भरली असे समजावे. मग जिनालयाच्या पायरीवर बाळ आणि पिशवी त्यांच्याकडे सोपवून आईने निश्चिंत मनाने आत जावे.