चौथऱ्यावरचा घोडा, अंगणातली म्हैस

उन्हाळ्यात पुण्याहून स्कँडिनेव्हियाला निघणाऱ्या सहलींत ऑस्लोचा विगेलँड पार्क बहुधा असतोच. मंडळी पुलावरच्या पाय आपटणाऱ्या रडक्या पोराशेजारी फोटो काढतात. आजूबाजूच्या उघड्यानागड्या पुतळ्यांकडे बघून काका-काकू आधी जरा संकोचतात, मग हळूहळू सैलावतात. इथं ना कुणी राजा, ना सेनापती. कुठं बाप पोरांना खेळवतोय, कुठं म्हातारी माणसं एकमेकांना टेकून बसलीत. माना वर न करता पाहता येतात, हा त्यांचा मोठाच गुण.

हे पुतळे घडवणाऱ्या गुस्ताव विगेलँडनं १९२१ साली ऑस्लो शहराशी करार केला. शहरानं त्याला राहायला आणि काम करायला इमारत द्यायची, त्यानं आपलं सगळं काम शहराला द्यायचं. त्यातून ब्राँझ आणि ग्रॅनाइटची २००हून अधिक शिल्पं उघड्यावर उभी राहिली.

त्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९२१ रोजी, पुण्यात भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली. दोनच दिवस आधी, राजपुत्र मुंबईत उतरला तेव्हा, तिथं दंगल उसळली होती. स्मारकाची कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. पण १९२२च्या मे महिन्यात ते गेले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी काम पुढं नेलं, तर १९२५ला तेही गेले. काम तडीस नेलं ते कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी. पुतळा घडवला विनायक पांडुरंग करमरकरांनी.

करमरकर अलिबागजवळच्या सासवन्याचे, जन्म १८९१चा. लहानपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी घोड्यावरचे शिवाजी महाराज रंगवले होते. ते चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि पोरगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढं कलकत्त्यात स्टुडिओ, मग लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण. भिंतीवरचा तो घोडा ब्राँझमध्ये उतरायला मात्र १९२८ साल उजाडावं लागलं.

साडेतेरा फूट उंच, वजन सुमारे ८ टन. असा पुतळा सहसा तुकड्यांत ओतून जोडतात. करमरकरांनी तो माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतवला. ओतकामात धातू मध्येच थिजला किंवा साच्यानं दगा दिला, की महिनोन् महिन्यांची मेहनत वाया. अर्ध्या घोड्याला ठिगळ लावता येत नाही. पुतळा रेल्वेनं पुण्यात आला आणि १६ जून १९२८ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं अनावरण केलं. तिकडं ऑस्लोत त्याच सुमारास शेकडो टनांची एकच ग्रॅनाइट शिळा समुद्रमार्गे आणून उभी केली होती. १२१ मानवाकृतींचा १४ मीटर उंच 'मोनोलिथ' त्या शिळेतून कोरायला तीन कारागीर १९४३पर्यंत राबले.

पुण्याचा पुतळा आज शिवाजीनगरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. चौथरा एवढा उंच की जवळ जावं तर घोड्याचं पोट आणि टाचाच दिसतात. चेहरा बघायचा तर मागं सरावं लागतं, आणि मागं सरलं की चेहरा बारीक होतो. स्मारकाला ही उंची शोभते, यात वाद नाही. पण आपल्याकडं शिल्प म्हटलं की चौथरा आणि वर्षातून एकदा हार, एवढंच समीकरण उरलंय. भोवती फिरून, पाठमोरंसुद्धा बघायची ती वस्तू आहे, हे पुणेकराला कळतं ते थेट ऑस्लोत.

त्याला एवढं लांब जायची गरज नव्हती. कारण हेच करमरकर सासवन्याच्या आपल्या घरी वेगळेच शिल्पकार होते. तिथं राजा नाही की चौथऱ्याचा दिमाख नाही. आहे ती अंगणातली म्हैस, शेजारपाजारची वाटावीत अशी माणसं, आणि 'मत्स्यगंधा' ही कोळीण. यातलं बरंच काम सिमेंटमधलं. ब्राँझला भट्टी लागते, ओतारी लागतो आणि मुख्य म्हणजे खर्च देणारा संस्थानिक लागतो. सिमेंटला यातलं काहीच लागत नाही. गिऱ्हाईक नसलं तरी माणूस आपल्या हौसेनं म्हैस करू शकतो. म्हशीचा पुतळा उभारायला कुठली समिती बसणार होती?

करमरकर १९६७ साली गेले. त्यांचं घर आज 'करमरकर शिल्पालय' म्हणून बघायला मिळतं. घरात आणि अंगणात मिळून शंभराहून अधिक शिल्पं आहेत. विगेलँडच्या मागं एक शहर उभं होतं, इथला पसारा एका कुटुंबानं सांभाळला.

मुंबईकर गेटवेहून बोटीनं मांडव्याला उतरतात. तिथून सासवणं जवळच. पुण्याहून निघणाऱ्यानं खोपोली, पेण करत अलिबाग गाठावं आणि रेवसच्या रस्त्याला लागावं. सकाळी निघालं तर दुपारच्या आत म्हशीसमोर उभं राहता येतं.