मेंदूतले गँगमन

कल्याण-डोंबिवलीत कुत्रा चावल्याची बातमी आली, की घरातलं एखादं वयस्कर माणूस पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण काढतंच. ती दुखायची, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. डेव्हिड सेंपल यांनी 1911 साली कसौलीत तयार केलेली ही लस म्हणजे मेंढीच्या मेंदूत वाढवून कार्बोलिक आम्लाने मारलेला रेबीजचा विषाणू. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेतही ती बनत असे. विषाणू मेलेला असला, तरी त्याच्यासोबत मेंढीच्या मेंदूचा गरही अंगात जायचा.

त्या गराने घात व्हायचा. लस टोचलेल्या काही शे ते काही हजारांमागे एकाच्या पायांतली ताकद दोन-तीन आठवड्यांत जाई, लघवी अडे, कधी नजरही जाई. रेबीजचा यात काही संबंध नसे. मेंढीच्या मायलिनला, म्हणजे मज्जातंतूंवरच्या आवरणाला, शत्रू मानायला शिकलेली प्रतिकारशक्ती रुग्णाच्या स्वतःच्या मायलिनवर तुटून पडलेली असे. रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी 1930च्या दशकात माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचून हेच घडवून दाखवलं. मायलिन उखडणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराच्या संशोधनात प्राण्यांवर आजही जे प्रयोग होतात, त्यांची मुळं इथे आहेत. (आजची लस पेशींच्या संवर्धनात वाढवतात, तिच्यात मेंदूचा अंश नसतो. भारतात जुन्या लसीचं उत्पादन 2004 अखेर थांबलं. तेव्हा या कथा ऐकून लस टाळण्याचा वेडेपणा कुणी करू नये.)

मायलिनचं काम मध्य रेल्वेच्या प्रवाशाला वेगळं शिकवायला नको. कल्याणची फास्ट लोकल मधली स्टेशनं गाळत डोंबिवली, ठाणे, घाटकोपर अशी जाते. मज्जातंतूतला संदेशही आवरणाच्या एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी मारत, सेकंदाला शंभर मीटरपर्यंत वेग गाठतो. आवरण उखडलं की फास्टची स्लो होते, कधी गाडी मध्येच उभी राहते. गाडी चालवणारा मोटरमन आपल्याला दिसतो. रात्री रुळांवर राबणारा गँगमन आठवतो तो फक्त मेगाब्लॉकच्या रविवारी, आणि तोही शिव्या देताना. मेंदूविज्ञानात चेतापेशी मोटरमन ठरल्या; रूळ राखणाऱ्या ग्लिया पेशींना कित्येक दशकं निव्वळ भराव समजलं गेलं.

या उपेक्षेचा वाटा ग्लियांचे स्पॅनिश अभ्यासक पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांच्याही पदरी पडला. माद्रिदमध्ये थोर मेंदूशास्त्रज्ञ काहाल यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी चांदीच्या कार्बोनेटने पेशी रंगवण्याची पद्धत काढली. काहाल ज्याला नुसतं ‘तिसरा घटक’ म्हणत होते, त्यातून 1919 साली मायक्रोग्लिया आणि 1921 साली ऑलिगोडेंड्रोसाइट अशा दोन स्वतंत्र पेशी त्यांनी वेगळ्या करून दाखवल्या. मधल्या काळात गुरूशी बिनसलं आणि प्रयोगशाळा सुटली. पुढे स्पेनमधल्या यादवीने देशही सुटला. 1945 साली ब्युनॉस आयरिसमध्ये त्यांचं निधन झालं. काहालांचं नाव पाठ्यपुस्तकांत ठळक आहे. ऑर्तेगांचं शोधावं लागतं.

मायलिनच्या आजारांत मात्र ऑर्तेगांच्या पेशींवाचून पान हलत नाही. एकेक ऑलिगोडेंड्रोसाइट चाळीस-पन्नास ठिकाणी मायलिनची वेटोळी घालू शकते. मायक्रोग्लिया उखडलेलं मायलिन खाऊन जागा साफ करतात, तेव्हाच नवं आवरण चढतं. पण त्याच चवताळलेल्या राहिल्या, तर जुन्या व्रणांच्या कडा वर्षानुवर्षं धुमसत राहतात. (ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात, हे लाडकं वाक्य मात्र विसरा. 2009च्या मोजणीत दोन्ही जवळपास सारख्याच निघाल्या.)

सर्वांत मोठा धक्का दिला तो ॲस्ट्रोसाइट या तिसऱ्या ग्लिया पेशीने. डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवर घाला घालणारा ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ हा मल्टिपल स्क्लेरोसिसचाच भाऊबंद मानला जाई. मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन यांच्या गटाला 2004 साली या रुग्णांच्या रक्तात एक वेगळं प्रतिपिंड सापडलं. त्याचं लक्ष्य होतं ॲस्ट्रोसाइटवरचं अ‍ॅक्वापोरिन-4 हे पाणी वाहून नेणारं प्रथिन. म्हणजे इथे आधी ॲस्ट्रोसाइट मरते, मायलिन नंतर ढासळतं. हा शब्दच्छल नव्हे: मल्टिपल स्क्लेरोसिसवर दिलं जाणारं इंटरफेरॉन बीटा या आजारात उलटू शकतं.

आणि हे गोऱ्यांचे आजार आहेत, या समजात राहू नका. मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया यांनी आपल्याकडच्या पारशी समाजात मल्टिपल स्क्लेरोसिस चांगलाच आढळतो, हे 1990 सालीच दाखवून दिलं होतं. एका डोळ्याची नजर दुखत दुखत अंधूक झाली, किंवा पाय बधिर होऊन लघवी अडली, तर नुसता चष्मा बदलण्यात किंवा मालिश करून घेण्यात दिवस घालवू नका. न्यूरॉलॉजिस्टला गाठा आणि अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग (मायलिनवरचं एक प्रथिन) यांच्याविरुद्धच्या दोन प्रतिपिंडांची तपासणी लागेल का, असं स्पष्ट विचारा.