बुजलेले मन

सन २०१२-१३ चा दुष्काळ आपल्या जालना जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. विहिरी आटल्या. गावोगाव टँकर फिरले. लेकरांसारखी वाढवलेली मोसंबीची झाडे उभ्या उभ्या वाळली. कित्येकांनी आपल्याच हाताने बागेवर कुऱ्हाड चालवली.

असा प्रसंग आला म्हणजे माणसाचे काय होते? तोंड कोरडे पडते. छातीत धडधड होते. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आणि राग निघतो तो घरच्या बाईवर, नाही तर पोरावर.

यात लाजण्यासारखे काही नाही. शरीराची ती जुनी रीत आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक लहान ग्रंथी असते. संकट दिसले की ती रक्तात एक रस सोडते. त्याने काळीज जोरात चालते, श्वास भरभर होतो, हातापायांत बळ येते. समोर लांडगा आला तर पळायला किंवा लढायला हे बळ कामी येते. पण बँकेची नोटीस म्हणजे लांडगा नव्हे. तिच्यापासून पळता येत नाही आणि तिला काठीने हाणताही येत नाही. मग तो जोर अंगातच घुमत राहतो.

बैल बुजला तर जाणता गडी काय करतो? कासरा हिसकत नाही. हळू बोलतो, पाठीवरून हात फिरवतो. बैल शांत झाला म्हणजे मगच गाडी हाकतो. मनाचेही तसेच आहे.

काळजाचे ठोके आपल्या हुकमाने कमी होत नाहीत. श्वास मात्र आपल्या हातात आहे. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि मनात चारपर्यंत मोजा. सोडताना सहापर्यंत मोजा. सोडणे हे घेण्यापेक्षा लांब पाहिजे, कारण श्वास सोडताना ठोके मंदावतात. असे चार-पाच मिनिटे करा. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा. याला बुवा लागत नाही की पैसा लागत नाही. एस.टी.च्या थांब्यावर, बँकेच्या रांगेतही करता येते.

आपल्या आज्या-पणज्यांना हे कोणी शिकवले नव्हते, तरी त्या करीत होत्या. पहाटे जात्यावर ओवी म्हणायची म्हणजे श्वास लांबवर सोडावाच लागतो. शिवाय सासरचा जाच, माहेरची आठवण, गेलेले लेकरू, जे कोणाला सांगता येत नसे ते जात्याला सांगता येई. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे गिरणी आली, दळण सुटले. ते बरेच झाले, बायांची कंबर वाचली. पण मन मोकळे करायची जागा गेली. पुरुषांना तर ती कधी नव्हतीच म्हणा ना! पुरुष पारावर बसून पावसाचे बोलतो, निवडणुकीचे बोलतो. स्वतःचे बोलत नाही.

समर्थ रामदास आपल्याच जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे मनाचे श्लोक २०५ आहेत. त्यांत त्यांनी मनाला दुसऱ्या माणसासारखी हाक मारून समजावले आहे. ही युक्ती फार कामाची. ‘माझे वाटोळे झाले’ असे घोकत बसू नका. स्वतःला नावाने हाक मारा आणि विचारा, ‘काय रे, तुला भीती कशाची? कर्जाची, की चार लोक काय म्हणतील याची?’ शेजाऱ्याला आपण शहाणपणाची गोष्ट सांगतो, स्वतःला सांगत नाही. नावाने बोलले की आपणच आपले शेजारी होतो. आजच्या मानसशास्त्रातही याचा उपयोग दिसून आला आहे.

उत्तर मिळाले की ते कागदावर लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. कर्ज किती, कोणाचे, कधी द्यायचे. मनात ते डोंगराएवढे असते. कागदावर त्याला आकडा असतो. पण रात्री निर्णय करू नका. दारूचे तर नावच नको. तिने झोप येते ती मोडकी, आणि सकाळी कर्ज तेवढेच राहून खिसा हलका होतो.

हे सगळे उपाय त्या वेळेपुरते आहेत. त्याने पाऊस पडत नाही, हप्ता फिटत नाही. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, ‘मी नसलेलोच बरा’ असे कोणी बोलू लागला, तर ते दुखणे समजावे. त्याला एकटे सोडू नये. ‘जिवाचे बरेवाईट करायचे मनात येते का, दादा?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने ते मनात भरत नाही. उलट ओझे हलके होते. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. पहिली अनावर घटका टळली की पुष्कळांचा जीव वाचतो.

सरकारी दवाखान्यात याचे उपचार मिळतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेली-मानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे. नंबर १४४१६. दिवसा-रात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. ज्याचा हात कापत असेल त्याला शेजाऱ्याने नंबर लावून द्यावा आणि बोलणे होईस्तोवर जवळच बसून राहावे.